मदत हवी आहे: जुन्या सी.आर. कॉइलवर प्रेसिंगनंतर उमटणाऱ्या रेषा

भोसरी एमआयडीसीतील आमच्या प्रेस शॉपमध्ये 0.8 मिलिमीटर जाडीच्या, आयएस 513 मानकातील सीआर2 प्रतीच्या कोल्ड रोल्ड (सी.आर., म्हणजे थंड अवस्थेत लाटलेल्या पत्र्याच्या) कॉइलपासून पंख्याच्या मोटरची उथळ झाकणे बनतात. सुमारे पाच महिने गोदामात राहिलेल्या कॉइलच्या झाकणांवर, जिथे पत्रा अगदी थोडा ताणला जातो नेमक्या त्या सपाट भागात, ज्वाळांसारख्या तिरप्या रेषा उमटत आहेत आणि पावडर कोटिंगनंतरही त्या स्पष्ट दिसतात.

डाय पॉलिश केली, वंगण बदलले, ब्लँक होल्डरचा (प्रेसिंगवेळी पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब कमी-जास्त करून पाहिला. फरक पडला नाही. त्याच डायवर त्याच प्रतीची ताजी कॉइल चालवली, तेव्हा एकही रेष आली नाही. त्यामुळे दोष डायचा नसून, स्किन पासचा (कारखान्यात शेवटी दिलेल्या हलक्या लाटणीचा) परिणाम साठवणुकीच्या काळात ओसरून पत्र्याचा यील्ड पॉइंट (ताण देताना पत्रा एकसारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी अचानक ताणला जाण्याचा गुण) परत आला असावा, असे माझे मत झाले आहे. कॉइलवर गंज नाही आणि प्रमाणपत्रात स्किन पासची नोंद आहे.

अडचण अशी की 14 टन माल शिल्लक आहे, तो परत घेतला जाणार नाही, आणि हे झाकण दर्शनी असल्याने ग्राहक रेषा चालवून घेत नाही. पुढील खरेदी सीआर5 म्हणजे आयएफ (इंटरस्टिशियल फ्री, साठवणुकीत असा बदल न होणाऱ्या) प्रतीची करण्याचा विचार आहेच, पण प्रश्न या मालाचा आहे.

बाहेरून रोलर लेव्हलिंग (पत्रा रोलरांमधून उलटसुलट वाकवत नेणे) करून घेतल्यास या रेषा खात्रीने थांबतील का, आणि त्यानंतर किती तासांत वा दिवसांत प्रेसिंग पूर्ण करावे लागेल?