मदत हवी आहे: ऋषिकेशला पॅकेज न घेता आपलं आपण योगासाठी राहायचंय, कसं आखावं?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मोठी ताई ऋषिकेशला जायचं म्हणतोय. स्थळदर्शन हा हेतू नाहीये, एकाच जागी आठ-दहा दिवस राहायचं, रोज नीट योगाभ्यास करायचा, साधं वेळेवर जेवायचं, गंगेकाठी बसायचं आणि रात्री लवकर झोपायचं, बास. घरी राहून हे होत नाही हे ज्यांच्यावर घर आहे त्या सगळ्यांना माहितीये, कुकर लावायचा असतो, दूधवाला येतो, फोन वाजतो, आणि प्राणायामाला बसलं की हमखास बेल वाजते.

नेटवर शोधलं तर जिकडे तिकडे रिट्रीटची पॅकेजेस. सकाळी हठयोग, दुपारी विन्यास, मग साउंड हीलिंग, मग राफ्टिंग, एक दिवस बीटल्स आश्रम, एक दिवस कुंजापुरीचा सूर्योदय, वर पंचकर्मसुद्धा त्यातच. एका आठवड्यात एवढं सगळं कोंबल्यावर माणूस शांत कधी बसणार? म्हणून ठरवलं की पॅकेज नको, आपलं आपणच आखू. पण तिथली माहिती नसल्यामुळे कुठे काय अडेल ते कळत नाहीये, म्हणून हा धागा.

थोडं आमच्याबद्दल, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. मी बरीच वर्षं अय्यंगार पद्धतीने करते, त्यामुळे बेल्ट, ब्लॉक, खुर्ची घेऊन एकेका आसनात थांबायची सवय आहे, भराभर सूर्यनमस्कार घालणाऱ्या वर्गात मला रमता येत नाही. ताई माझ्यापेक्षा मोठी, गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही, वज्रासन तर बंदच आहे, आणि बीपीची गोळी चालू आहे त्यामुळे डॉक्टरांनी कपालभाती आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) दोन्ही नको सांगितलंय. तिला अनुलोम-विलोम, भ्रामरी, योगनिद्रा एवढं मिळालं तरी ती खूश आहे. गेल्या काही वर्षांत तिने घरातली दोन आजारपणं काढली, स्वतःकडे बघायला तिला वेळच मिळाला नाही, त्यामुळे ही ट्रिप खरं तर तिच्यासाठी आहे आणि ती नीट व्हावी असं मला फार वाटतंय.

मनातला दिनक्रम असा आहे: पहाटे उठून खोलीतच प्राणायाम, मग माझा आसनांचा सराव, तेवढ्यात ताई घाटावर चालून येईल, नाश्ता, मग एखादा वर्ग मिळाला तर दोघींनी मिळून, जेवण, विश्रांती, दुपारी वाचन, संध्याकाळी आरती आणि रात्री योगनिद्रा लावून झोप. मोबाइल दिवसातून एकदाच, घरी फोन करण्यापुरता. मधला एक दिवस पूर्ण मौन पाळावं असं दोघींच्या मनात आहे, ते तिथे गर्दीत जमतं का हेही सांगा.

आता अडचणी. राहायचं आश्रमात की बाहेर खोली घेऊन? शिवानंद आश्रमाबद्दल लहानपणापासून ऐकलंय, पण तिथे आधी लिहून परवानगी घ्यावी लागते म्हणतात. परमार्थ निकेतन आश्रमात सगळं एका आवारात आहे पण आरतीला प्रचंड गर्दी असते असं दिसतंय. तपोवन भागात योगाच्या शाळा रांगेने आहेत, पण तिथे दोनशे तासांचा टीचर ट्रेनिंगचा कोर्स करून महिन्याभरात शिक्षक झालेले लोकही शिकवतात, मग ताईच्या गुडघ्यांचं काय? चांगला शिक्षक ओळखायचा कसा, आणि एक-दोन वर्गांपुरतं कोणी घेतं का?

पंचकर्माचं पण विचारायचंय. ताईला कोणीतरी सांगितलंय की जाताच आहात तर पाच दिवसांचं पंचकर्म करून घ्या, शरीर शुद्ध होईल. मला धाकधूक वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

आणि महिना. आमचा विचार असा की गुरुपौर्णिमा घरी करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघायचं. पाऊस असेल, पण चारधामची गर्दी ओसरलेली असेल, श्रावण लागायच्या आत परत येऊ म्हणजे घरचे सणवार पण बुडणार नाहीत. तिकिटं आता ६० दिवस आधीच निघतात त्यामुळे ठरवायला वेळ थोडा आहे. हे बरोबर आहे ना?

---

प्रतिसाद:

तारीख आधी बदला, बाकीचं नंतर बघू. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो, पण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा श्रावण सुरू होतो आणि त्याबरोबर कांवड यात्रा, म्हणजे गंगाजल कावडीत भरून शंकराला वाहायला नेणाऱ्यांची यात्रा. हरिद्वारपासून वर नीलकंठ महादेवापर्यंत कांवडियांचा महापूर असतो, नीलकंठाची वाट स्वर्गाश्रमाकडूनच (गंगेपलीकडचा भाग, परमार्थ तिथेच आहे) जाते, रस्ते वळवलेले असतात, रात्रभर डीजे चालू. तुम्ही निवडलेले दिवस म्हणजे बरोब्बर तेच आहेत. त्यांची श्रद्धा मोठी आहे, पायी चालत येतात, त्याबद्दल आदरच आहे, पण मौनासाठी ते दिवस नव्हेत.

मे-जूनमध्ये चारधामच्या गाड्या ऋषिकेशवरूनच वर जातात, तेव्हा ट्रॅफिक जाम. मार्चमध्ये परमार्थमध्ये आंतरराष्ट्रीय योग महोत्सव असतो, तो बघायचा असेल तर उत्तम, एकांत हवा असेल तर नको. मी म्हणेन दिवाळीनंतर जा. भाऊबीजेला केदारनाथाचं दार बंद होतं, पुढे बद्रीनाथाचंही, मग वरची वर्दळ कमी होत जाते. नोव्हेंबरात सकाळ-संध्याकाळ गारठा असतो, ताईंच्या गुडघ्यांसाठी गरम कपडे आणि नी-कॅप न्या, दुपारी मात्र छान ऊन असतं.

जागेचं म्हणाल तर ताईंसाठी स्वर्गाश्रमाची बाजू बरी. तपोवन उतारावर आहे, कॅफे आणि स्कूटर खूप. स्वर्गाश्रमात गंगेला लागून चालता येतं, चढउतार त्या मानाने कमी. रिक्षा राम झुल्यावरून (गंगेवरचा झुलता पूल) पलीकडे जात नाही, त्यामुळे सामान कमी ठेवा किंवा बॅरेजकडून येणाऱ्या रस्त्याने गाडी करून या. जानकी सेतू २०२० ला झाल्यापासून मुनी की रेतीहून (अलीकडच्या काठावरचा भाग) चालत ये-जा करणं सोपं झालंय. लक्ष्मण झुल्याच्या भरवशावर मात्र काही आखू नका, १९२९ सालचा तो जुना पूल धोकादायक ठरवून बंद केलाय.

शिवानंद आश्रम म्हणजे डिव्हाइन लाइफ सोसायटी, १९३६ ची संस्था. हो, आधी लिहावं लागतं, आणि तिथे पाहुणा म्हणून नव्हे, साधक म्हणून राहायचं, पहाटेची प्रार्थना आणि रात्रीचा सत्संग चुकवायचा नाही. आश्रमाचं फाटक रात्री लवकर बंद होतं, जेवणात कांदा-लसूण नसतो, तुमच्या दिनक्रमाला हे सगळं उलट पोषकच आहे. तुमच्या पद्धतीसाठी मुनी की रेतीला ओंकारानंद गंगा सदनात पातंजल योग केंद्र आहे, तिथे अय्यंगार पद्धतीने शिकवतात, वेळापत्रक मेलवर विचारूनच तिकिटं काढा. ताईंसाठी शिक्षक बघताना साधी परीक्षा: वर्गाआधी दुखणी-औषधं विचारतो का, आणि खुर्चीवर करून घेतो का. विचारतच नसेल तर सरळ उठून यायचं.

आणि स्नान करताना घाटावरची साखळी सोडू नका. पाणी बर्फासारखं असतं आणि ओढ काठावरून दिसते त्यापेक्षा खूप जास्त.

---

प्रतिसाद:

मी वैद्य आहे, फक्त पंचकर्मावर बोलते. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. पॅकेजमध्ये जे देतात ते बहुतेक वेळा अभ्यंग (तेलाचं मालिश), वाफ आणि शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) असतं, त्याने बरं वाटतं यात शंका नाही, पण शिरोधारा त्या पाचात येत नाही. खरं विरेचन करायचं तर आधी तीन ते सात दिवस स्नेहपान (औषधी तूप-तेल पिणं), मग स्वेदन (घाम काढणं), मग विरेचन, आणि त्यानंतर पेया-विलेपी (पातळ, मग घट्ट पेज) असं हळूहळू अन्नावर आणणारा संसर्जनक्रम, तोही काही दिवसांचा. त्या काळात थंड पाणी, जागरण, प्रवास, दमणूक काहीच चालत नाही. पाच दिवसांत हे बसणार कसं, आणि त्यात सकाळी आसनं आणि गंगास्नान? शिवाय ताईंना बीपीची गोळी आहे, म्हणजे अनोळखी ठिकाणी शोधन (अशी शरीरशुद्धी) नकोच. अभ्यंग घ्या, पण बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालेल्या वैद्यांनी नाडी-बीपी बघितल्यावरच, आणि गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. गुडघ्यांसाठी खरंच काही करायचं असेल तर परत आल्यावर आपल्या गावच्या वैद्यांकडून जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवणं) करून घ्या, तिथे पुन्हा दाखवायला जाता तरी येतं.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. पौर्णिमेचं हे गणित डोक्यातच आलं नव्हतं, ताईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली चला, दिवाळीनंतरच जाऊ, तोवर मी रोज घरी भ्रामरीची सवय लावते. पंचकर्म रद्द, अभ्यंगाचंही तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवू. एलटीटी-हरिद्वार एसी गाडीने (मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणाऱ्या) जावं असं वाटतंय, म्हणजे दिल्लीला सामान घेऊन गाडी बदलायची दगदग नाही, हरिद्वारहून पुढे टॅक्सी.

शिवानंद आश्रमाला आजच पत्र लिहायला घेते. फक्त एक राहिलं, कोणी तिथे राहिलं असेल तर सांगा: सत्संगाला ज्येष्ठांसाठी खुर्च्या असतात का? ताई जमिनीवर बसू शकत नाही आणि सगळे खाली बसलेले असताना आपण वर बसायचं हे तिला फार अवघड वाटतं. आणि खोली वरच्या मजल्यावर नको असं पत्रातच लिहिलेलं चालतं का?