मदत हवी: १५ मीटरवरच सगळ्यांना धाप लागते

नवा_प्रशिक्षक: पोहायला शिकणाऱ्या आठ जणांची बॅच. किक चांगली, हातही ठीक. तरी १५ मीटरला सगळे उभे राहतात. ‘श्वास सोडा’ सांगून घसा बसला. लवकर सांगा, शनिवारी चाचणी आहे.

काठावरून: स्ट्रोक कुठला? वय? श्वास घेताना तोंड वळवतात की मान उचलतात?

नवा_प्रशिक्षक: फ्रीस्टाइलच की! मोठी माणसं आहेत.

खोलपाणी: मग पाण्यात श्वास कोंडून ठेवत असणार. वर आल्यावर सोडायचा आणि घ्यायचाही, तेवढा वेळच नसतो. धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. काठ धरून उभं करा. चेहरा पाण्यात, नाकातून गुणगुणल्यासारखी बारीक धार, शेवटची फुंकर तोंडातून जोरात, मग तोंड बाजूला वळवून चटकन श्वास. १० वेळा, तीन फेऱ्या. बुडबुडे थांबले की श्वास कोंडला, हे वरूनही दिसतं.

तीन_हात: दर तीन हात मारले की एक श्वास, असं शिकवा. दोन्ही बाजू सारख्या तयार होतात.

खोलपाणी: ज्यांना १५ मीटर जात नाही त्यांना आणखी ताटकळत ठेवायचं? दर दोन हातांनी घेऊ द्या. जाताना उजवीकडून, येताना डावीकडून.

तीन_हात: चालेल, पण बाजू बदलणं सक्तीचं ठेवा. एकाच बाजूची सवय मोडता मोडत नाही.

निळी_टोपी: ब्रेस्टस्ट्रोकला हात आत येताना श्वास घ्यायचा. आणि पोहण्याआधी भराभर दहा खोल श्वास घेतले की दम वाढतो.

काठावरून: ब्रेस्टस्ट्रोक कुणी विचारला? आणि ते भराभर श्वास मुळीच नकोत! कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

नवा_प्रशिक्षक: आज नीट पाहिलं. दोघांचे बुडबुडे येतच नाहीत. बाकीचे सोडतात, पण श्वास घेताना पाय खाली जातात.

काठावरून: म्हणजे मान उचलतात, तेच विचारलं होतं. डोकं वर गेलं की कंबर बुडते. गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. डोक्यासमोर लाट उठते, तिच्यामागे तोंडापाशी खळगा पडतो, हवा तिथूनच घ्यायची. पुढचा हातही बघा, श्वासासाठी तो खाली दाबत असतील तर आधारच जातो. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) घालून कुशीवर सहा किक, खालचा कान पुढच्या दंडाला टेकलेला. मग तीन हात मारून दुसरी कूस.

नवा_प्रशिक्षक: फिन्स लांब की आखूड?

काठावरून: आखूड. लांब फिन्सनी किकची लय मंदावते.