जर्मन वर्दीत सावळा शिपाई: कोटा की इतिहास?

सात रस्ता: काल आपल्या सोलापूरच्या या ग्रुपवर एकानं लिहिलं, 'नाझी काळावरच्या सिनेमात सावळा शिपाई दिसला की समजायचं, सगळ्या वंशांचे चेहरे दाखवायचा कोटा भरलाय.' डोकं फिरलं वाचून. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंनी फौज उभारली, ती जर्मन सैन्यात 950 वी इन्फंट्री रेजिमेंट झाली. दंडावर तिरंगा, त्यावर झेपावणारा वाघ. जवळपास तीन हजार माणसं. ऑगस्ट 1944 मध्ये ती वाफेन एसएसकडे, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ फौजेकडे गेली. हा कोटा कुणी भरला?

कन्ना चौक: मालक, ती एक रेजिमेंट. तिच्या नावावर बर्लिनच्या प्रत्येक कचेरीत सावळा चेहरा पेरायचा? 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं. कोणाला बाहेर काढलं हेच तर दाखवायचंय. पडद्यावर सगळे गुण्यागोविंदानं नांदायला लागले तर राजवट धुऊन निघते.

बाळीवेस: चेहरे राहू द्या, आधी कापड बघा. युनिफॉर्मचे कारखाने सोलापुरातच, म्हणून आपले शॉर्टफिल्मवाले शाळेच्या पँटचं टेरीकॉट उचलतात. पॉलिस्टर दिव्याखाली चमकतं. जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवा, रंग धरत नाही. पॉलिश पेपर मारला की गोळे येतात. लोकरमिश्रित जाड कापड घ्या, दोनदा धुवा, मग कोपर, खिशाची कड, कॉलरची घडी, एवढंच घासा. आणि 1941 च्या रशियन शिपायाच्या खांद्यावर पट्ट्या कशाला? त्या जानेवारी 1943 ला आल्या, तोवर हुद्दा कॉलरवर.

सात रस्ता: कापडाचं काय घेऊन बसलास बे? कन्ना चौक, मग बाहेर काढलेलेच दाखवा की! पश्चिम जर्मनीच्या ऱ्हाइनलँडमधली, काळ्या फ्रेंच सैनिकांची मुलं, सुमारे 400, 1937 मध्ये जबरदस्तीनं नसबंदी केली त्यांची. किती सिनेमांत दिसली? नाझींचे प्रचारपट काढणाऱ्या लेनी रीफेन्श्टालनं 'टीफलांड' सिनेमासाठी माक्सग्लान आणि मार्त्सानच्या छावण्यांतून रोमा-सिंती (ज्यांना जिप्सी म्हणायचे ती) माणसं आणली, स्पॅनिश दिसतात म्हणून. त्यांतली बरीच पुढं आउशवित्झच्या मृत्युछावणीत गेली.

कन्ना चौक: माझाच मुद्दा ओरडून सांगितलात, उपकार झाले. बरं, रेजिमेंटपुरतं मान्य, खूश? पण मग घरचंही बोला. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांच्या पत्नी चिनी, आणि त्यांच्यावरच्या 1946 च्या चित्रपटात ती भूमिका आपल्याकडच्या नटी जयश्रीबाईंची. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

नवी पेठ: कोटणीसांना मध्ये ओढू नका. आणि लोकरीचं कापड म्हणणाऱ्यानं एप्रिलमध्ये शूटिंग करून दाखवावं. पारा बेचाळीसवर, एक्स्ट्रा पटापट आडवे होतील.

बाळीवेस: मग डिसेंबरात करा. नाहीतर कॉटन ड्रिल रंगवून घ्या आणि उलट्या बाजूनं शिवा, चमक कमी दिसते. शिवण्याआधी धुवायचं, नाहीतर आटून बाह्या वर चढतात.

सात रस्ता: शिवा काय ते, पण सगळ्यांना फेटे बांधू नका. त्या फौजेत शीख, हिंदू, मुसलमान एकाच कंपनीत मिसळलेले होते.

बाळीवेस: फेट्याचं कापड कोण देतंय, ते आधी सांगा. तेही टेरीकॉटचंच आणतील.