मदत हवी आहे : पोराच्या सायकलनं आजींना धडक बसली, सायकलला थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो का?

नमस्कार मंडळी, वडगाव, बेळगावातनं लिहितोय. जरा लांबेल, तरी पूर्ण वाचून मग सांगा.

तीन आठवड्यांपूर्वी माझा धाकटा, दहावीला आहे, ट्यूशनवरनं संध्याकाळी सायकलनं येत होता. येळ्ळूर रोडला येळ्ळूरच्याच एक आजी भाजीची पिशवी घेऊन बस पकडायला म्हणून रस्ता ओलांडत होत्या, त्यांना याची सायकल धडकली. पोरानं ब्रेक दाबला होता, खरं मागचा ब्रेक महिनाभर ढिला होता, त्यानं मला दोनदा सांगितलेलं, रविवारी बघू म्हणून मीच ठेवलो होतो. आजी कुशीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आजूबाजूच्यांनी रिक्षात घातलं, पोरगा पण त्याच रिक्षात बसून दवाखान्यात गेला आणि तिथनं मला फोन केला.

ऑपरेशन झालं, रॉड घातलाय. बिल 1 लाख 60 हजार. मी आत्तापर्यंत 60 हजार दिलो, बाकीचं त्यांनी कुठनं कुठनं गोळा केलं. आजींचा मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, पंधरा दिवस झाले कामावर गेला नाही, म्हणजे पगार पण कापला. एवढं होऊन तो मला म्हणाला, "काका, तुमचं पोरगं पळून गेलं नाही, तेच पुष्कळ." ते ऐकून मला रात्री झोप नाही. त्यांनी पोलिसात कंप्लेंट दिली नाही, पैसे मागितले नाहीत, म्हणून मी द्यायचं नाही असं होत नाही ना.

आता माझा प्रश्न. हेच माझ्या स्कूटरनं झालं असतं तर इन्शुरन्स होता, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 146 आहे, थर्ड पार्टीशिवाय गाडी रस्त्यावर काढायचीच नाही. सायकलला तसलं काहीच नाही. आजींचं हाड तर तेच, रस्ता पण तोच. मग सायकलवाल्यांना पण असा विमा सक्तीचा पाहिजे की नको? आणि सक्तीचा नसला तरी आपल्याकडं कुठं मिळतो का, म्हणजे पोरानं चालवली तरी चालेल असा? कोण घेतलाय का? प्लीज सांगा.

शहापूरचा वकील

भाऊ, आधी तुमच्या केसचं बोलू. सायकल 'मोटार वाहन' या व्याख्येत येत नाही, त्यामुळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ही केस जात नाही. आजींच्या घरच्यांना नुकसानभरपाई मागायची तर साधा दिवाणी दावा लावावा लागेल, कोर्ट फी, वर्षं, सगळं आलं. कायद्यानं बाप म्हणून तुमच्यावर आपोआप जबाबदारी येत नाही, खरं ब्रेक खराब आहे हे माहीत असून सायकल दिली हे तुम्ही स्वतःच इथं लिहिलंय, तो तुमचा निष्काळजीपणा धरला जाऊ शकतो. आणि एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, सायकलला पोलिसांची कलमं लागत नाहीत असा. लागतात. बेदरकारपणे वाहन चालवण्याचं कलम, आता भारतीय न्याय संहितेत 281, त्यात कुठलंही वाहन धरलंय, मोटारच पाहिजे असं नाही.

जे काय द्याल ते लिहून द्या, दोघांच्या सह्या घ्या. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही, उद्या दोन्ही घरातल्या कुणाला तरी आठवणार नाही म्हणून.

विम्याचं म्हणाल तर घरासाठी जी पॅकेज पॉलिसी मिळते, आग, चोरी वगैरेची, त्यात पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे आपल्याकडनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, एक भाग घेता येतो. काही पॉलिसीत तो फक्त घराच्या आवारापुरता असतो, काहीत बाहेरचंही धरतात, म्हणून एजंट काय बोलतो ते ऐकू नका, शब्द वाचा. झालेल्या अपघाताला मात्र कुठलीच पॉलिसी मागनं लागू होत नाही.

निपाणीकर

सक्तीला माझा ठाम विरोध. आमच्याकडं आठवीच्या पोरींना सरकारी सायकली मिळायच्या, त्या सायकलवरनं चार-पाच किलोमीटर शाळेला जाऊन पोरी शिकल्या. त्यांना म्हणायचं का आधी पॉलिसी आणा? दूधवाला, पेपरवाला, बिगारी, सायकल चालवतो तो स्कूटर परवडत नाही म्हणूनच चालवतो. माझ्या वडिलांच्या वेळेला नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला असायचा, बिल्ला नसला की पकडायचे, रात्री दिवा नसला की पकडायचे, डबलसीट दिसली की पकडायचे, आणि नेहमी पकडले जायचे ते गरीबच. ते परत नको बाबा.

सायकलला उडवून जाणाऱ्या ट्रकवाल्यांचं आधी बघा की.

पुण्यात असतो, मूळ खानापूर

निपाणीकर, तुमचं पटतंय, खरं मूळ प्रश्न सुटत नाही ना. मी कामानिमित्त जपानात होतो म्हणून सांगतो. 2008 मध्ये कोबेला 11 वर्षांच्या मुलानं सायकलनं एका 62 वर्षांच्या बाईंना धडक दिली, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 2013 मध्ये कोर्टानं मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन द्यायला लावले. त्यानंतर 2015 मध्ये त्याच भागातल्या ह्योगो प्रांतानं सायकल विमा सक्तीचा केला आणि बाकीचे प्रांत मागनं येत गेले. उलटं उदाहरण स्वित्झर्लंडचं, तिथं सायकलला दरवर्षी विम्याचं स्टिकर लावणं सक्तीचं होतं, ते 2012 ला बंद केलं, कारण बहुतेकांच्या घरच्या लायबिलिटी पॉलिसीत सायकलचं आपोआप यायचंच. म्हणजे विमा सायकलचा नाही, माणसाचा. मला हे जास्त बरोबर वाटतं.

आणि काका, येळ्ळूर म्हणालात म्हणून, महाराष्ट्र सरकारनं 2023 ला सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरनं वाद पण झाला होता. आणि घरात बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे, 5 लाखांपर्यंत. ऑपरेशन होऊन गेलंय, खरं रॉडचं पुढं परत काही निघालं तर आधीच विचारून ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वकीलसाहेब, तुमचं वाचून पोटात गोळा आला, खरं ते खरंच आहे, ब्रेकची चूक माझी आहे. पोराला पण मी तसंच सांगितलो, तुझी नाही माझी.

निपाणीकर, दंड लावून सक्ती मला पण नको आता. मी फक्त आजींच्या बाजूनं बघत होतो. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे बघा, वर्षाला 20 रुपये कापतात, माझा पण आहे, आजींच्या मुलाचा पण निघाला. खरं त्यात आपला मृत्यू किंवा आपलं अपंगत्व, आपल्याकडनं दुसऱ्याला लागलं तर काही नाही. त्यातच अजून थोडे रुपये घेऊन हे पण घातलं तर दूधवाल्याला जड जाणार नाही, पोलिसांनी चौकात अडवायची गरज नाही. शाळा पण मुलांचा अपघात विमा काढतात, त्यात हे घालता येईल. कुणी आमदार-खासदारांपर्यंत पोचत असेल तर एवढं कानावर घाला.

काल येळ्ळूरला जाऊन आलो, पोराला घेऊन. आजी वॉकर धरून दाराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. पोराला जवळ बसवून विचारल्या, ब्रेक दुरुस्त केलास काय रे? दोन्ही ब्रेक, बेल आणि पुढचा लाईट घालून घेतलोय.

राहिलेल्या बिलातले महिन्याला 8 हजार द्यायचे असं कागदावर लिहिलो, फिजिओथेरपीचा खर्च वेगळा माझ्याकडं. आजींच्या मुलानं सही करायला आढेवेढे घेतले, मग केली.

आता फक्त एक सांगा, घराच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्यावर घरच्या माणसाकडनं झालेलं धरतात असं कुणी आपल्या स्वतःच्या पॉलिसीत छापलेलं बघितलंय काय? भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मिळते काय? असेल तर त्या पानाचा फोटो इथं टाका, नाव-नंबर झाकून.