मदत हवी आहे: ट्रेलर ड्रायव्हरच्या खोराकीवर टॅक्स?

उरणचा_पोरगा: वडील ट्रेलरवर आहेत, न्हावा शेवा ते दिल्ली. मालक २८ हजार पगार आणि १२ हजार खोराकी देतो. खोराकी रस्त्यात जेवणातच जाते, तरी अख्ख्या ४० हजारांवर टॅक्स कापलाय. ढाब्याची बिलं नाहीत. २०२४-२५ चं रिटर्न आहे. सूट कशी घ्यायची? जरा लवकर सांगा.

दशचाकी: गाडी स्वतःची ना? सरळ कलम ४४एई घ्या. १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. डिझेल, टोल, खोराकी, कशाचाच हिशोब नको. मी तेच करतो.

उरणचा_पोरगा: मालक देतो असं लिहिलंय वर. नोकरी आहे.

कलमवाला: मग कलम १०(१४). गाडीवर असताना स्वतःच्या खर्चासाठी मिळालेल्या भत्त्याचे ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये, जे कमी असेल ते माफ. तुमचे ८,४००. वेगळा डेली अलाउन्स मिळत नसेल तरच, आणि जुन्या रिजीममध्येच (सवलती मिळणारी जुनी करपद्धत).

ब्रॅम्प्टनकर: आमच्याकडे कॅनडात जेवणखर्चाच्या सुटीला टीएल२ फॉर्म. जेवणाला २३ डॉलर, दिवसाला तीन जेवणं, लाँग हॉलवाल्यांना त्याचे ८० टक्के. मालकाची सही लागते. लॉगबुक ठेवा!

दशचाकी: इथे बिल्टी (मालाची पावती) जपून ठेवली तरी खूप झालं.

चुलीवरची: भरूचकडे शेव-टमेटा मस्त मिळतं हो. पण केबिनमध्ये स्टोव्ह ठेवला तर खोराकीतले निम्मे वाचतात.

हिशोबनीस: थांबा. वर्षाचे ४ लाख ८० हजार. २०२४-२५ ला नव्या रिजीममध्ये ७ लाखांपर्यंत टॅक्सच बसत नव्हता, मग कापला कशाचा? फॉर्म १६ (पगारावरच्या कपातीचा दाखला) मिळाला की १६ए (पगाराशिवायच्या पैशांवरचा)?

उरणचा_पोरगा: १६ए. ४,८०० कापलेत, १९४सी लिहिलंय. त्याने काय होतं?

हिशोबनीस: हे आधी सांगायचं ना! मालकाने वडिलांना ठेकेदार दाखवलंय, म्हणून १९४सी, म्हणजे ठेक्यावरच्या कपातीच्या कलमाने, एक टक्का कापला. १०(१४) पगारदारांसाठी, ते विसरा. दुसरं उत्पन्न नसेल तर पूर्ण ४,८०० रिफंड मागा.

कलमवाला: आणि पीएफ? मालकाला जाब विचारा.

दशचाकी: विचारला की दुसऱ्या दिवशी चावी काढून घेतील. सल्ला देणं सोपंय.

उरणचा_पोरगा: भांडण नंतर करा. पगारदारांचा रिटर्न फॉर्म, आयटीआर-१ भरू ना?

हिशोबनीस: नको, त्यात ठेक्याचं उत्पन्न बसत नाही. ४४एडी (छोट्या धंद्याचं अंदाजे उत्पन्न धरायचं कलम) धरून आयटीआर-४ भरा. त्याआधी २६एएस (तुमच्या नावावर जमा टॅक्सचा उतारा) उघडून बघा, मालकाने कापलेले पैसे जमा तरी केलेत का.