मदत हवी आहे: आणीबाणीत जिल्ह्याच्या दैनिकाचं सेन्सॉर कोण करायचं?

राम राम मंडळी. १९७५च्या पावसाळ्यातल्या भुसावळवर रहस्यकादंबरी लिहितोय. नायक लोहमार्ग पोलिसातला जमादार. यार्डात सापडलेलं प्रेत १९७४च्या रेल्वे संपातल्या कामगाराचं निघतं आणि वरून तपास थांबवायला सांगतात. मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय डांबता येत होतं, त्यामुळे साक्षीदार एका रात्रीत दिसेनासा होणं कथेत सहज बसतं. मला ती भीतीच लिहायची आहे. खुनी कोण, हे त्यापुढे दुय्यम.

अडलंय एका प्रसंगावर. जळगावच्या छोट्या दैनिकाचा (काल्पनिक, खरी नावं नकोत) संपादक या प्रेताची चार ओळींची बातमी छापू पाहतो. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल वाचला, जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांत चौकशी केली. पण सगळं दिल्ली-मुंबईचंच मिळतं. २८ जून १९७५ला इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ते माहीत आहे.

कुणाचे वडील, काका तेव्हा छापखान्यात खिळे जुळवत असतील तर विचारून सांगाल का: जिल्ह्याच्या गावी प्रुफं कुणाला दाखवावी लागत, कलेक्टर कचेरीत की माहिती कार्यालयात? आणि साध्या बेवारस प्रेताची बातमीही आधी दाखवावी लागायची का?