'मिशन'ला मराठी शब्द काय?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मासिकासाठी एका भाषणाचं भाषांतर करतोय. मुद्दा असा की मिशन हे चर्चचं काम नव्हेच, ते मुळात देवाचं. मंडळी नुसती त्यात सामील होते. १९५२ साली जर्मनीत विलिंगेनला झालेल्या मिशन परिषदेनंतर हा विचार जगभर पसरला. मी 'धर्मप्रसार' लिहिलं. मंडळीतल्या एका वडिलांनी लाल शाईनं खोडलं, 'प्रसार म्हटलं की लोकांना पत्रकंच आठवतात.' मग 'प्रेषण' केलं. तर म्हणाले, 'मनिऑर्डर आहे का?'

व्याकरणवेडा: प्रेषणच बरोबर. लॅटिन धातूचा अर्थच 'पाठवणे'. बायबलात 'प्रेषित' चालतो, मग प्रेषणानं काय घोडं मारलंय?

मिरजकर: आमच्याकडे मिशन म्हणजे दवाखाना. १८९४ साली डॉ. वानलेसांनी सुरू केलेला. आजी सांगायची, 'तुझ्या आज्याला बैलगाडीतनं मिशनात नेला म्हणून वाचला.' आता म्हणून बघा, 'प्रेषणात नेला'!

व्याकरणवेडा: ते विशेषनाम झालं हो.

मिरजकर: आणि 'मिशनरी वृत्तीचे गुरुजी'? तिथं कुणाला बाप्तिस्मा आठवतो का? शब्द केव्हाच आपला झालाय.

माहुलीकर: साताऱ्याचं एक सांगतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनशी असलेलं नोकरीचं नातं सोडलं आणि इथं 'देवाचा दरबार' मांडला, ख्रिस्तभक्तांचा मेळावाच म्हणा. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा. गंमत बघा, मिशनमध्ये माणूस धाडतात, दरबारात सगळ्यांना बोलावतात. दिशाच उलटी. कृष्णाकाठ, तुमचं भाषण धाडण्याबद्दल आहे की बोलावण्याबद्दल? त्यावर शब्द ठरेल.

कृष्णाकाठ: दोन्ही आहे, तीच तर पंचाईत.

व्याकरणवेडा: 'दरबार' फारसी आहे.

माहुलीकर: बरं. 'पाद्री'?

गुळभेंडी: पाद्री संस्कृतच. पाद म्हणजे पाय. लोक पाया पडतात म्हणून पाद्री.

व्याकरणवेडा: अहो, पोर्तुगीज! पाद्रे म्हणजे बाप. पगार, चावी, बटाटा त्याच गलबतातून उतरले.

गुळभेंडी: मग आधी पगार परत करा, शुद्धीचं नंतर बघू.

कृष्णाकाठ: शनिवारी अंक छापायला जायचाय. सध्या 'देवाचं मिशन' ठेवतोय. वडील काय म्हणतात बघू.

मिरजकर: ठेवा. बाकी, वानलेसवाडी बरोबर की वालनेसवाडी? आमची मावशी तिथंच राहते आणि 'वालनेसवाडी'च म्हणते.

व्याकरणवेडा: वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांची अदलाबदल. लखनऊचं नखलऊ ऐकलंय ना? तसंच.